टिपाडाची कडी

यंदा कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. शिवारात उसाचं कांडं नव्हतं, गाळणार काय? मी तिथल्या वर्कशॉपात फिटर. साहेबांनी आम्हाला हात जोडून घरी पाठवलं आणि मी धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या वस्तीवर येऊन बसलो. पण नुसतं बसणं मला जमत नाही. आधी घरातलं जे जे ढिलं होतं ते आवळून काढलं. खिडक्यांच्या खिट्ट्या बदलल्या, कपाटाच्या बिजागऱ्या बदलल्या, कुकरचा दांडा पक्का केला, वाळवणाच्या दोरीवरच्या चिमट्यांना नव्या स्प्रिंगा घातल्या. शेवटी बायको जानकी वैतागून म्हणाली, "आता घरात मीच तेवढी ढिली राह्यले. जावा कुनाकडं तरी." मग मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वळलो.

आमची वस्ती म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला निळ्या प्लास्टिकच्या टिपाडांची रांग. कारखान्यात पडून असलेली ही टिपाडं सोसायटीने उचलून घरटी एक वाटली होती. टँकर घाट उतरून यायचा, रांगेत पाइप फिरवायचा आणि निघून जायचा. भरलेलं टिपाड घरात नेणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून पाणी रस्त्यावरच राहायचं. आमच्याकडे शेताला जाताना घराला कुलूप लावायची पद्धत नव्हती. या उन्हाळ्यात मात्र घरं उघडी आणि पाणी कुलपात, अशी तऱ्हा झाली. टिपाडांना कड्या बसवायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला स्क्रू मारले. प्लास्टिकमध्ये स्क्रू टिकत नाही. मग झाकणाला दोन आरपार भोकं पाडून कडी बोल्टने बसवायला लागलो; तिचं दुसरं टोक टिपाडाच्या कानाला कुलपाने अडकायचं. बोल्टचं गोल, गुळगुळीत डोकं बाहेर आणि नट झाकणाच्या आतल्या बाजूला. बाहेरून पाना लावायला जागाच नाही, आणि आत हात घालायचा तर आधी कुलूप उघडावं लागणार. माझ्या या हुशारीवर मी खूश होतो.

पहिली बोंब वस्तीवरच्या वत्सलाबाईंनी मारली. मी धावत गेलो. कुलूप जसंच्या तसं लागलेलं होतं, पण कडी झाकणावरून सुटून कुलपाला लोंबकळत होती. दोन्ही बोल्ट झाकणावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. पडलेले नव्हते, ठेवलेले होते. नट टिपाडाच्या तळाशी सापडले. पाणी हंडा-दोन हंडे कमी झालं होतं.

नट सुटतो, हे मला काही नवं नाही. मशीन थरथरतं तिथे तो सुटतोच, म्हणून खाली स्प्रिंगचा वायसर घालतात. पण रस्त्याकडेला उभं टिपाड कशाने थरथरणार? तरी मी वायसर घातले आणि अंगातला सगळा जोर लावून नट आवळले. पुढच्याच टँकरनंतर सोसायटीचे चेअरमन बबनराव यांच्या टिपाडाची कडी सुटली. आणि ती भर दुपारी, त्यांचा गडी पंडित टिपाडाला पाठ टेकून राखणीला बसलेला असताना.

"झोपला व्हतास काय रं?" बबनरावांनी त्याला विचारलं.

"देवाशपत न्हाई, मालक. पाठीला आतून कायतरी लागत व्हतं. बोट फिरवल्यावानी."

"मासा हाय का त्यात?"

लोक हसले. पंडित हसला नाही. सदरा मागे ओढून तो सारखी पाठ पुसत होता.

मग लोकांच्या नजरा बदलल्या. मी पाना घेऊन चाललो की बायका बोलायच्या थांबत. बबनराव तर तोंडावरच म्हणाले, "भारत, कडी तूच बसवतो. ती सुटती कशी, हे तुझ्याबिगर कुनाला ठावं असनार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या ओसरीवर पाना आपटून मी घरी आलो. पण घरी येऊन केलं काय, तर मीही एकेकावर संशयच घेत बसलो. पंडितवर घेतला, वत्सलाबाईंवर घेतला. एकदा तर जानकीच्या ओल्या पदराकडे बघून मी तिला विचारलं, इतकं पाणी कुठून आलं? दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

आणि मग छबुकाकीचं नाव निघालं.

छबुकाकी माझी शेजारीण. तिचा मुलगा शहादेव आणि सून दिवाळी करून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले. जाताना गाडीवर चढता चढता शहादेव म्हणाला होता, "भारतभाऊ, मायकडं ध्यान ठेवा." मी ठेवतही होतो. म्हातारी पाठीत वाकलेली, बोटं संधिवाताने वाकडी. दोन्ही हातांतल्या काकणांना सेफ्टी पिनांचा घोस. कुणाची चोळी उसवो, चप्पल तुटो, काकी घोसातली एक पिन काढून द्यायची. एक मोठी पितळी पिन मात्र ती कुणाला द्यायची नाही. टोकाला लाल दोरा गुंडाळलेली ती पिन तिच्या टिपाडाची होती. झाकणावर एक चिंधी आवळून बांधायची आणि तिला ती पिन लावायची, एवढाच तिचा बंदोबस्त. मी कडी बसवतो म्हणालो होतो, तर म्हणाली, "मला पिन बास हाय, लेकरा."

तिचं टिपाड रांगेत सर्वांत शेवटी. तिथे पोचला की टँकरचा पाइप नुसती हवा सोडायचा. गर्दीत घुसून भांडायची तिची ताकद नव्हती. तरीही तिच्या टिपाडात पाणी असायचं. काठोकाठ असायचं. हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता वत्सलाबाईंनी झाकण उचलून ते सगळ्यांना दाखवलं.

मी काकीला एकटीला गाठलं. ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती.

"काकी, खरं सांग. पानी कोन देतं तुला?"

"मला न्हाई ठावं."

"असं कसं ठावं न्हाई? टिपाड आपोआप भरतं का?"

तिने सूप खाली ठेवलं. "भारत, तू कडी वरून लावतोस. खालून कोन बगतंय?"

"खालून म्हंजे?"

"मी कुनाचं चोरलं न्हाई. येतंय, त्याला मी न्हाई म्हनत न्हाई. एवढंच." आणि तिने पुन्हा सूप उचललं.

तिची बोटं मी नीट पाहिली. त्या बोटांनी नट फिरणं शक्य नव्हतं. त्याने मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बबनरावांनी निकाल दिला. छबुबाईच्या टिपाडाला कडी-कुलूप लावायचं, किल्ली त्यांच्याकडे. रोज एक कळशी त्यांच्यासमोर काढून मिळेल. शहादेव येईपर्यंत असंच चालेल, आणि पुन्हा चोरी झाली तर टँकरच्या रांगेतून तिचं टिपाडच उचलायचं. माझी मान खाली गेली. एका कळशीत म्हातारीने प्यायचं काय आणि रांधायचं काय? मी तसं बोललो, तर बबनराव म्हणाले, "कावून रं? तुजा वाटा हाय का त्यात?"

मी हत्यारं उचलली. पण मनाशी एक ठरवलं. सगळ्यांच्या देखत कडी बसवली, कुलूप मारलं, किल्ली बबनरावांच्या हातात दिली. आतले नट मात्र मी मुद्दाम नुसते चिमटीने टेकवले होते. कडीला दोन हिसके दिले की ती हातात यावी, इतके ढिले. लोक पांगल्यावर काकीच्या कानात मी ते सांगितलं.

तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. चिंधीची घडी करून तिने कमरेला खोचली. लाल दोऱ्याची पिन काकणात अडकवली.

"वाट बंद केलीस, लेकरा," ती म्हणाली.

"कुनाची?"

ती टिपाडाकडे बघत राहिली. "आता त्याला यायचं झालं, तर कुनीतरी आतून उगडून द्याया पायजे," असं म्हणाली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचीही कडी सुटली नव्हती. "बगा, मी म्हनत व्हते!" असं वत्सलाबाई दारोदार सांगत फिरल्या.

काकी ओट्यावर दिसली नाही. घराचं दार सताड उघडं होतं. चूल थंड होती. मी रस्त्यापलीकडे पाहिलं.

तिच्या टिपाडापाशी तिच्या चपला होत्या. जोडीने नीट काढून ठेवलेल्या, पुढची टोकं टिपाडाकडे.

मी कडीला हिसका दिला. कडी हलली नाही.

दोन्ही हातांनी ओढली. जराही हलली नाही.

जानकी धावत जाऊन बबनरावांना किल्लीसकट घेऊन आली. कुलूप माझ्याच हाताने उघडलं. आत बघायचा धीर होत नव्हता.

पाणी होतं. काठोकाठ, स्वच्छ, तळ दिसेल असं. दुसरं काहीच नव्हतं.

मी झाकण उलटं केलं. ज्या नटांना मी पानाही लावला नव्हता, ते आवळलेले होते. इतके आवळलेले की त्यांच्याखालचं प्लास्टिक आत दबलं होतं. मी पाना लावून पाहिला. पाना घसरला, नट फिरला नाही.

"कुलूप तर बंद व्हतं," बबनराव म्हणाले. हे वाक्य ते पुनःपुन्हा म्हणत राहिले.

आम्ही डोंगर धुंडाळला, कोरड्या विहिरीत माणूस उतरवला, पाहुण्यारावळ्यांना फोन लावले. शहादेव मिळेल त्या गाडीने परत आला. रडला नाही, भांडला नाही. "भारतभाऊ, ध्यान ठेवलं व्हतं ना?" एवढंच त्याने विचारलं. मी नट ढिले ठेवल्याचं त्याला सांगणार होतो. पण ते ऐकून त्याने काय समजायचं, हे मलाच समजेना. ते टिपाड त्याने रिकामं करू दिलं नाही. त्यातलं पाणी प्यायला मात्र वस्तीवर कुणी तयार नाही. उन्हाने ते आटतही नाही.

त्यानंतर कुणाची कडी सुटली नाही. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. माझ्याकडे पुन्हा कामं यायला लागली, आणि मी ती करतही होतो. करणार काय?

आज सकाळी जानकीने मला हाक मारली. ओरडली नाही, हळूच हाक मारली.

आमच्या टिपाडाची कडी कुलपाला लोंबकळत होती. दोन्ही बोल्ट झाकणावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. झाकण बंद होतं. बोल्टच्या दोन भोकांच्या मधे पिवळसर तारेचा एक तुकडा प्लास्टिकला घट्ट चिकटून बसल्यासारखा दिसत होता. तार एका भोकातून वर आली होती आणि दुसऱ्यातून आत गेली होती.

मी झाकण उचललं. पाणी काठाला आलं होतं. काल संध्याकाळी जानकीने तळातलं शेवटचं भांडं खरवडून काढलं होतं, आणि टँकर उद्या यायचा होता.

झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने पितळी पिन लावलेली होती. नीट मिटलेली. टोकाला लाल दोरा.

"काढा ती," जानकी म्हणाली.

मी पिनेला हात लावला. सगळं झाकण गार होतं, पाण्याच्या वाफेने ओलं झालं होतं. पिन तेवढी कोरडी होती आणि कोमट लागली, नुकतीच कुणाच्या हातातून सुटल्यासारखी.