शेकाट्यांनी सोडलेली जागा

मी जालन्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत राजूरला मेहुण्याकडे मुक्काम टाकून केदारखेड्याच्या बाजूच्या एका तळ्यावर पक्षी बघत बसायचो. विद्यार्थ्यांपेक्षा पक्ष्यांचा एक गुण जास्त. ते हजेरी न घेताही येतात. घरची कामं टाळायची ही शिकलेल्या माणसाची रीत आहे, असं मेहुण्याचं मत होतं. ते फारसं चूक नव्हतं.

साल सत्याहत्तर. मे महिन्यात पाणी आटून तळाचं जुनं गाव उघडं पडलं होतं. म्हणजे काळा गाळ आणि त्यात घरांचे चौथरे. गाळभर शेकाट्या पसरलेल्या. शेकाटी म्हणजे लाल काड्यांवर उभं केलेलं काळं-पांढरं पाखरू, तोंडावर कायम कारकुनाचा भाव.

काठावरच्या बाभळीखाली सुगंधाबाई बसलेली असायची. बांध घालून तळं झालं तेव्हा लोकांनी घरांची दारं, तुळया, चौकटी उपसून वरच्या नव्या गावात नेल्या. तिचा नवरा मल्हारी दाराची चौकट आणायला म्हणून परत खाली उतरला आणि पाणी चढलं. तो सापडला नाही, चौकटही नाही. तेव्हापासून तिच्या नव्या घराच्या दाराला नुसतं गोणपाट होतं.

तिचा मुलगा सर्जेराव जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मागल्या उन्हाळ्यात ती इथंच उन्हानं भोवळ येऊन पडली होती, म्हणून तो तिला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता.

“म्या गेले अन् ते चौकट घिऊन आले, तर लावतील कुठं?” ती म्हणाली.

तर्काच्या दृष्टीनं यात खोट नव्हती. अडचण होती ती फक्त गृहीतकाची.

सर्जेरावानं मला बाजूला घेतलं. “सर, तिला कमी दिसतं. तुम्ही दुर्बिणीतून बघून सांगा, कोणी न्हाई म्हणून. तुमचं ऐकंल ती. पुन्हा पडली तर हाती लागायची न्हाई.”

सोपं काम होतं, खरं बोलायचं होतं. मी दुर्बीण लावली.

शेकाट्यांमधून माणूस चालला की त्या उडत नाहीत. दोन उड्या मारून बाजूला होतात आणि तो पुढे गेला की मागं पुन्हा जागा भरून टाकतात. दुरून बघितलं तर पाखरांच्या गर्दीत एक मोकळा ठिपका सरकताना दिसतो.

तसा ठिपका सरकत होता. त्यात कोणी नव्हतं.

“काय दिसून राह्यलं, मास्तर?” सुगंधाबाईनं विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो. मग जिभेवर ताबा राहिला नाही. “पण पक्षी बाजूला होताहेत.”

“जागा रुंद हाय का?”

होती. एका माणसाला लागते त्यापेक्षा बरीच रुंद.

“मंग चौकट हाय.”

“मधे मधे थांबतंय.”

“खांदा बदलत असतील,” ती म्हणाली, जणू मी काही अगदीच बाळबोध विचारलं होतं.

“सर, काय हे!” सर्जेराव दबक्या आवाजात म्हणाला. “तुम्हाला काय सांगितल्तं म्या?”

मी त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्यानं बघितलं, काचा सदऱ्याला पुसून पुन्हा बघितलं आणि परत केली.

तो मोकळा तुकडा काठापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबला. वारा पडला होता. सडलेल्या शेवाळाचा वास जागच्या जागी उभा होता. शेकाट्या त्या जागेच्या चारी बाजूंनी चोची बुडवत होत्या, आत मात्र एकही जात नव्हती.

“थकले,” सुगंधाबाई म्हणाली. “वय झालं की आता.”

तिनं लुगडं खोचलं. “एक बाजू म्या धरते.”

“माय, गाळ हाय!” सर्जेराव धावला आणि दहा पावलांत मांडीपर्यंत रुतला. ती चालत राहिली. शेकाट्या तिच्यासाठी बाजूला होत होत्या, कोणाही माणसासाठी होतात तशा.

ती त्या जागेपाशी वाकली. कशाखाली तरी खांदा घातला.

मग जागा भरली.

पाखरं आत आली, बिनघोर. सुगंधाबाई माघारी वळली, एक खांदा खाली झुकलेला.

या वेळी शेकाट्या तिच्यासाठी हलल्या नाहीत.

ती त्यांच्या मधून चालत आली. एक तर तिच्या दोन पायांच्या मधे चोच घालून किडे वेचत होती.

काठावर येऊन तिनं काहीतरी जपून उभं केलं. मान लववली, पाऊल उंच उचललं आणि पलीकडे आली.

“चल बाबा,” ती मुलाला म्हणाली. “आता कुठंबी चल.”

सर्जेराव चिखलातून निघाला तो रडत आणि हसत. तिला गाडीत बसवलं, पायाखाली घोंगडी दिली. “आली बघा सर! आली माय!” तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. मी मान हलवत होतो. माझ्याच्यानं त्याला दुसरं काही सांगवलं नसतं.

गाडी हलली. रस्त्याकडेच्या तारेवरून वेडा राघू, छोटा हिरवा पक्षी, झेपावला, हवेतच एक माशी पकडली आणि सुगंधाबाईच्या खांद्यावर बसला. वाळल्या फांदीवर आपटतात तशी त्यानं ती माशी तिच्या खांद्याच्या हाडावर आपटली, गिळली, आणि लुगड्याला चोच पुसली.

सर्जेराव पुढे बघून बैल हाकत होता. तीही पुढेच बघत होती.