चिमीच्या पेशी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलंय. रविवारी, भरदुपारी दोन वाजता, तिच्या प्रयोगशाळेत.

मावशी तिथे पेशी सांभाळते. पेशींना सुट्टी कळत नाही, म्हणून रविवारीही कुणाला तरी जाऊन बाटल्यांमधलं पोषकद्रव बदलावं लागतं. ती पाळी मावशी कधी दुसऱ्याला देत नसे.

कारण एका बाटलीत चिमी होती.

चिमी तिची धाकटी बहीण. सहाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेली. तिच्या हाडांतल्या मज्जेतून घेतलेल्या 'बी' पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र तीस वर्षं वाढतच होत्या. निरोगी शरीरात या पेशी टप्प्याटप्प्याने मोठ्या होतात आणि शेवटी शत्रू ओळखून त्याच्यावर प्रतिपिंडं सोडतात. चिमीच्या पेशी बालपणीच्याच टप्प्यावर अडकलेल्या. त्या कधी मोठ्या होणारच नव्हत्या.

मावशीची मज्जा चिमीला जुळली होती. पण मज्जा द्यायच्या ऐन दिवशी, सुईच्या भीतीने, तेरा वर्षांची मावशी मैत्रिणीकडे लपून बसली.

पुढची तारीख मिळेपर्यंत चिमी राहिलीच नाही.

त्या रविवारी मावशी पेशींच्या उबदार कपाटासमोर उभी राहिली आणि...

कपाटाच्या पंख्याची घरघर बंद पडली.

मग आतल्या काचेवर... टक... टक.

नखाने वाजवल्यासारखं. हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीतून चिमी अगदी तशीच वाजवायची.

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने दार उघडलं. आत नुसत्या बाटल्या.

तिने चिमीच्या पेशी तपासल्या. त्या एक टप्पा पुढे गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी आणखी एक.

तिसऱ्या रविवारी... शेवटचा. पेशी प्रतिपिंडं सोडू लागल्या.

"लेबलं बदलली असतील," तिचे सर म्हणाले. त्यांनी दोनदा ओळख पटवून पाहिली. पेशी चिमीच्याच.

पण शत्रू कोण? अशा चाचणीला आपल्याच बोटाचं रक्त द्यायचं, ही तिथली जुनी सवय. प्रयोगशाळेतल्या पाच जणांनी काचपट्टीवर एकेक थेंब दिला. प्रत्येकात चिमीच्या बाटलीतलं द्रव मिसळलं.

चार थेंब जसेच्या तसे राहिले.

पाचव्याच्या गुठळ्या झाल्या.

तो मावशीचा होता.

"बाई, ब्लीच ओता आणि मोकळ्या व्हा," सर म्हणाले.

मावशीने ब्लीच हातात घेतलंही...

टक... टक.

तिने चिमीची बाटली जपून जागेवर ठेवली.

त्याला आता पाच महिने झाले. मावशीचं रक्त आटत चाललंय. डॉक्टर म्हणतात, तांबड्या पेशी फुटतायत, कारण सापडत नाही. दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागते.

गेल्या रविवारी मी हात जोडले. "मावशी, आता तरी जाऊ नकोस. टाकून दे ती बाटली."

ती चपला घालत होती. "एकदा नाही गेले रे मी," ती म्हणाली. "पुन्हा कसं तसं करू?"

तिला धड चालवतही नव्हतं.

मीच गाडी काढली आणि तिला सोडून आलो.