घोड्याच्या कडेवरचे बाळ

"या दालनातील प्रत्येक मूर्ती आता दृष्टिहीनांशी बोलते."

नांदेडच्या एका संग्रहालयाच्या दारावर हा दावा सोनेरी, सपाट अक्षरांत झळकत होता. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच तो वाचता येणार नव्हता, ही बाब अर्थातच किरकोळ! मूर्ती बोलत होत्या, हे मात्र खरे. काय बोलत होत्या, हे प्रथम प्रीतमला कळले.

प्रीतम जन्मापासून अंध. दिवाळीच्या सुट्टीत तो उमरीहून मामेबहीण महामायाकडे आला होता, तो एकाच ओढीने: आजीच्या शेतात सापडलेली मूर्ती हातांनी पाहायची. कडेवर बाळ घेतलेली बाई आहे, असे आजी सांगे.

दोरीच्या आत फक्त अंधांना प्रवेश होता. भिंतीवरच्या क्यूआर कोडसमोर त्याने मोबाइल धरला.

"उमरीची माता. बाळाच्या गालावरून हात फिरवा," आवाज म्हणाला.

प्रीतम दचकला. "मायाताई, बाळाला आयाळ हाय!"

"अरे, तो घोडा आहे!" ती दोरीबाहेरून ओरडली.

"मंग आजी खोटं बोलली?"

"न्हाई रे! बाई पुढच्या जागेवर हाय!" तिचा लातूरचा मित्र शिवकुमार म्हणाला. "सगळ्याच मूर्ती एकेक जागा सरकल्यात. अन् दाराजवळ बघ, नव्या सोफ्याखाली चौथऱ्याचा डाग!"

"म्हणजे पाहुण्यांच्या सोफ्यासाठी मूर्ती सरकवल्या, आणि कोड भिंतीवरच राहिले!" महामाया म्हणाली.

तिघे अधीक्षक सुदर्शनसाहेबांकडे धावले.

"यंत्र चुकत नसतं. तक्रार ॲपवर नोंदवा."

"ॲप उघडत न्हाई, साहेब."

"मग तीही तक्रार ॲपवरच नोंदवा! आता समारंभ आहे, दालन बंद. उद्या या."

"उद्या? माझी गाडी आज संध्याकाळची हाय!" प्रीतमचा आवाज चिरकला. साहेब निघून गेले होते.

दालनातच भरलेल्या समारंभात साहेबांनी मूर्तींच्या वाणीचे गोडवे गाताच, पाहुण्यांच्या गर्दीतून आत शिरलेला शिवकुमार उठला. "साहेब, डोळ्यांना पट्टी बांधून तुम्हीच दाखवा की!"

टाळ्या कडाडल्या. सुटका नव्हती! महामायाने ओढणी बांधली. "लई घट्ट बांधते हं, साहेब!" आणि तिने त्यांना नेमके त्याच कोडसमोर उभे करून मोबाइल धरला.

"बाळाच्या गालावरून हात फिरवा."

"अहाहा! किती कोवळा गाल!" घोड्याचे नाक कुरवाळत साहेब उद्गारले.

दालन हास्यात बुडाले. प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका महानंदाबाई, मात्र हसल्या नाहीत. त्यांनी महामायाकडून प्रीतमची सारी हकीकत ऐकून घेतली. "शाब्बास, पोरांनो! आधी याला त्या बाईकडे न्या."

प्रीतमची बोटे दगडी खांद्यावरून उतरली आणि इवल्या मुठीपाशी थांबली.

"आजी खरंच बोलली! बाळानं आईचा हार धरलाय. हे तर तिनंबी सांगितलं न्हवतं!"

मग महानंदाबाईंनी साहेबांकडे पाहिले. ओढणी हातात घेऊन ते जे बोलले, ते शब्दशः असे:

"आवाज येतो का, एवढंच मी तपासलं. तो काय बोलतो, हे मी एकदाही ऐकलं नाही."