चंपाबाईची खोली

वर्सोव्याचं ते घर कोणाचं आणि बांधलं कोणी, एवढंच मला शोधून काढायचं होतं. चौऱ्याऐंशी साल असेल. अंधेरीतल्या एका वकिलांकडे मी कामाला होते. घराचा मालक चंद्रप्रकाश आमचा अशील, त्याला जागा बिल्डरला विकायची होती. मागच्या खोलीतल्या चंपाबाईने अडवलं होतं. "थोरल्या शेठनं तोंडी दिलीय खोली," असं तिचं म्हणणं. थोरला शेठ म्हणजे चंद्रप्रकाशचा आजोबा.

कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कागदोपत्री घर आजोबाकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे, सगळी पुरुषांची नावं. चंपाबाईचं कुठेच नाही. घर बांधणारा गवंडी अंबादास, तिचा नवरा, त्याचंसुद्धा नाही. नकाशात मात्र ती खोली चांगली ऐसपैस होती. म्हटलं, माप घेऊन बघू.

भर दुपारी गेले. गल्लीत सुक्या मासळीचा वास दाटला होता. खोलीत पाऊल टाकलं आणि तो तुटला. आत ओल्या चुन्याचा वास, अंगावर येणारा गारवा. टेप लावली. खोली नकाशाच्या निम्मीसुद्धा भरेना. बाहेरून मोजलं, तर घर नकाशाबरहुकूम.

"चंपाबाई, ही भिंत एवढी जाड कशी?"

"आधी नव्हती, बाई. इथं खाट, चूल, हंडे, समदं मावायचं."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. थापी घासल्याचा. खर्र... खर्र... थप.

"पलीकडे काम चाललंय का?"

"पलीकडं नुसती चिंच हाय." तिने आवाज खाली आणला. "तो लावतोय..."

"कोण?"

"नवरा माझा. परांचीवरनं पडून मेला, घर पुरं व्हायच्या आधी."

"मग तुमच्यासाठीच बांधतोय..."

"माझ्यासाठी?" ती हसली. तसं हसू मी पुन्हा कधी पाहिलं नाही. "वाळू, चुना, पाणी, सारं मी डोक्यावरनं वाहिलं. पोटात पोर असताना. अन् हा दारू पिऊन म्हणायचा, घर मी बांधलंय, तू नीघ. अजून तेच करतोय... इंचाइंचानं."

मी भिंतीला हात लावला. बोटं पांढरी, ओली झाली.

"चला इथून. वाकोल्याला भाची आहे ना तुमची?"

"का म्हणून जाऊ? माझीबी खोली हाय ही."

कोर्टाला कागद लागतो. तो नव्हता. निकाल तिच्याविरुद्ध गेला.

ताबा घ्यायला चंद्रप्रकाश, बेलीफ, मजूर आणि मी असे गेलो. दार आत उघडायचं, ते हलेना. मजुरांनी फळ्या फोडल्या. मागे विटा. चौकटीला चिकटून, वरपासून खालपर्यंत. सांध्यांतला चुना ओला.

"म्हातारी कुठाय?" चंद्रप्रकाशने विचारलं.

सकाळीच शेजारणीने तिला नळावर पाणी भरताना पाहिलं होतं. नंतर वाकोल्याला भाचीकडे चौकशी केली, तिथे ती पोचलीच नव्हती.

भिंत पाडली, तर आत विटाच विटा. ना खाट, ना चूल, ना चंपाबाई. "गेली असेल कुठंतरी. सुटलो यार," चंद्रप्रकाश म्हणाला, आणि वर्षभरात तिथे इमारत उभी राहिली.

पण पहिला घाव पडायच्या आधी मी त्या विटांना कान लावला होता. आत थापी चालू होती. खर्र... थप. आणि थापीच्या आवाजामागून कुणीतरी ओझं घेऊन जड पावलांनी खेपा घालत होतं... प्रत्येक खेपेला हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

नवरा मेल्यापासून चंपाबाईने हातात बांगडी घातली नव्हती.