जित्या माणसाची धून

वणीत आमचा बँड तीस वर्षांपासून हाय. मी रहेमान, क्लॅरनेट वाजवतो. आणि तीस वर्षांपासून मुकुटबनचे भगवानराव कापूस घरात आला का एसटी धरून माझ्या दुकानात येऊन बसायचे. त्यायनं स्वतः बनवलेली एक लांबलचक धून होती. आमच्यात कागदबिगद नसते. बनवणारा समोर बसते अन् एकेकाले त्याचा भाग तोंडानं गाऊन शिकवते. भगवानरावनं आमच्या अकरा जणायले अकरा भाग असे शिकवले. जुने गेले तर नव्यायले पुन्हा शिकवले. तालीम आम्ही करायचो. पण वरातीत? एकदाही नाही. लोकायले सिनेमाचं गाणं पाहिजे, अन् आमच्यात हिंमत नव्हती. हे पहिले कबूल करून टाकतो, कारण पुढं मले बाकीच्यायले शिव्या द्यायच्या हायेत.

त्यायची पोरगी सलोनी अमेरिकेत एका मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, म्हणजे जाड आवाजाचं व्हायोलिन. तो ऑर्केस्ट्रा दरसाल एका संगीतकाराची नवी धून निवडून पहिल्यांदा वाजवते. संगीतकार जिता पाहिजे, असा त्यायचा नियमच हाय. सलोनीनं फोनवर बापाकडून अकराही भाग गाऊन घेतले, कागदावर उतरवले अन् देऊन टाकले. धून निवडली गेली.

"एक डाव पुरी ऐकतो, रहेमान," भगवानराव म्हणाले. "लोकं काय म्हणतात ते पाहतो. दुसरं काही नाही पाहिजे मले."

मी म्हटलं, चौकात फ्लेक्स लावू. वणीले कळू तर द्या! पियुषच्या दुकानात फोटो दिला. सकाळी चौकात जाऊन पाहतो तर डोकं फिरलं. अक्षरं 'हार्दिक अभिनंदन'चीच होती, पण फोटोभोवती काळी चौकट, बाजूले समई, खाली गुलाबाच्या पाकळ्या. अरे, कोळशाच्या ट्रकमधून जाणारा माणूस अक्षरं वाचते का? तो समई पाहते अन् हात जोडते!

"अबे, जित्या माणसाले समई लावली तू?" मी पियुषवर धावून गेलो.

"चाचा, घाईत साचा चुकला. आजच्या आज बदलून देतो."

दिला. कम्प्युटरवर मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. झेंडूच्या माळा, गुलाल, सारं बराबर होतं. छापला, गुंडाळला, आम्ही दोघायनंच चौकात नेऊन बांधला. दोरी सोडली अन् फ्लेक्स खाली उलगडला. काळी चौकट. समई. पियुषनं फ्लेक्स उलटून मागची बाजू पाहिली. मी तो फाडून नालीत फेकला अन् अख्ख्या चौकाले ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या.

त्याच हप्त्यात भगवानराव घामाघूम होऊन दुकानात आले. एसटी थांबलीच नाही म्हणे. कंडक्टरनं सरळ त्यायच्या तोंडाकडं पाहून घंटी मारली. मग कोण्या ट्रकच्या मागं चढून आले, ड्रायव्हरले न विचारता. मी त्यायले टपरीवर घेऊन गेलो. दोन चहा सांगितले, एकच आला.

"दुसरा कुठं हाय?"

"दुसरा कोणाले?" बाबूसिंग चहावाला म्हणाला.

मी त्याची कॉलर धरली. भगवानरावनं माझा हात खाली घेतला. "राहू दे. गर्दी हाय, चुकलं असंल."

गर्दी नव्हती. टपरीवर आम्ही दोघंच होतो.

मग पांढरकवड्याची वरात. नवरदेवाचा मामा माझ्याजवळ आला. "मास्तर, ते अमेरिकेत जाऊन राह्यली ती धून लावा न. बिचारा गेला, पण नाव काढून गेला."

भगवानराव माझ्यापासून दोन हातावर उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यायनं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं.

मी ओरडाले पाहिजे होतं का हे काय, हे उभे हायेत! पण तीस वर्षांत ती धून कोणी मागितली नव्हती. मले वाटलं, वाजून तर जाऊ दे. मी क्लॅरनेट तोंडाले लावलं. थू माझ्यावर.

पोट्ट्यायनं नाचणं थांबवलं. बायायनं पदर डोळ्याले लावले. वरात पुढं सरकली, अन् भगवानराव जिथं उभे होते तिथूनच सरळ गेली. त्या जागेले वळसा घालून कोणी गेलं नाही.

परत येताना भगवानराव एवढंच म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात घाई केली तू."

अमेरिकेतला कार्यक्रम आपल्याकडं सकाळी सहाले होता. भगवानराव आदल्या दिवशीच आलते. मी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, स्टुलावर फोन टेकवला. माझी बायको नसरीन चहा घेऊन आली. एकच कप होता. एरवी मी तिच्यावर ओरडलो असतो. त्या दिवशी गुपचूप माझा कप बाजूच्या खुर्चीकडं सरकवला.

फोनवर सलोनी आली. काळे कपडे घालून, स्टेजवर जायच्या तयारीत.

"चाचा, बाबा कुठं हायेत?"

फोनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मी होतो, अन् बाजूले खुर्ची होती.

"बाजूलेच हायेत," मी म्हटलं.

"दिसून नाही राह्यले."

"हायेत, बाई. तू जा, वाजव."

तिनं फोन पहिल्या रांगेत ऐकाले बसलेल्या मैत्रिणीजवळ दिला. धून सुरू झाली. तिथं सत्तर-ऐंशी माणसं वाजवत होते, पण भाग तेच अकरा. एकही सूर इकडचा तिकडं नाही. तिसऱ्या कडव्यात कोणी घाई केली नाही. भगवानरावचं बोट माझ्या गुडघ्यावर ताल धरून होतं. बोट थंडगार होतं. ताल पक्का होता.

शेवटचा सूर संपला. मी टाळ्यायची वाट पाहत होतो.

सारा हॉल उभा राह्यला.

टाळी एकही नाही. साऱ्यायनं माना खाली घातल्या. वाजवणाऱ्यायनंही. सलोनीनंही.

गुडघ्यावरचं बोट थांबलं.

"रहेमान," बाजूनं आवाज आला, "काहून गप झाले सारे? आवडली नाही का?"

"आवडली, भगवानराव," मी जोरात म्हटलं. "लय आवडली त्यायले."

मी फोनकडंच पाहत होतो. मान वळवून बाजूच्या खुर्चीकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही.