डाव्या गालावरचं पाणी

देवाचा चेहरा रंगवताना रंग किती पातळ करायचा, एवढं एक कळावं लागतं. जाड राहिला तर कातडी मेणाची दिसते, फार पातळ झाला तर खालचं लाकूड डोकावतं. बाकी सगळं हाताच्या सवयीने होतं. पाएते गावात आमच्या घराण्याचं हेच काम. गावातले बाप्ये चर्चचे देव लाकडात कोरतात आणि कोरलेल्या देवांना कातडी चढवतो आम्ही. माझ्या बापाने चाळीस वर्षं चढवली, त्याच्यामागे मी.

बापाचा एक नियम होता. कपडे, ढग, पायाखालचा साप, यांच्या रंगात डब्यातलं स्पिरिट चालेल. ते रॉकेलचंच धाकटं भावंड. स्वस्त, आणि पटकन उडून जातं. चेहऱ्याला मात्र खरं टर्पेंटाइनच हवं, पाइनच्या झाडाला चीर पाडून गोळा केलेल्या चिकाचं. "झाड जिवंत असतं, याना," तो म्हणायचा. "जमिनीखालचं तेल मेलेल्यांचं. ते देवाच्या आईच्या तोंडाला लावायचं नाही." त्याच टर्पेंटाइनने त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मी म्हणायचे, "तातय, तुमच्या जिवंत झाडाने तुमचा हात खाल्ला की!" मग दोन दिवस तो माझ्याशी बोलायचा नाही.

त्या वर्षी बागियोहून येणारी टर्पेंटाइनची बाटली आलीच नाही. आणि माझ्या पुढ्यात गावातल्या म्हाताऱ्या आलिंग सेपाच्या घरची दुःखी माता, म्हणजे देवाची आई, डाव्या गालाला ही भली मोठी भेग पडलेली. पवित्र आठवड्याला तीन आठवडे उरले होते. मी स्पिरिटचा डबा उघडला आणि चेहरा करून टाकला. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं. शनिवारी दुपारी गालावर बोट दाबून पाहिलं, तर खडखडीत वाळलेला.

आलिंग सेपासाठी ही मूर्ती म्हणजे नुसती मूर्ती नव्हती. तिचा एकुलता एक रुफो बातांगासहून तेल वाहणाऱ्या एका छोट्या जहाजावर होता. तो समुद्रावर गेला तेव्हा तिने नवस बोलला होता: दर गुड फ्रायडेला आई रस्त्यावर निघेल आणि माझा मुलगा घरी येईल. एका वर्षी गाड्याचा आस मोडला, मूर्ती निघाली नाही, आणि त्याच वर्षी रुफो जहाजावरून पडला. सहा तासांनी जिवंत वर काढला त्याला. तेव्हापासून म्हातारी या बाबतीत कुणाचं काही ऐकून घेत नसे.

झावळ्यांच्या रविवारी, पवित्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिस्सा आटोपून आले आणि आठच्या सुमाराला कारखाना उघडला. पाहते तर डावा गाल ओला. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक सरळ धार.

म्हटलं, तेल सुटलं असेल. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या चिंधीने पुसून घेतलं. तेल असतं तर चिंधीत मुरलं असतं. याचे मणी चिंधीवर तसेच उभे राहिले. चिंधी बरणीत पिळली. आम्ही वापरलेलं स्पिरिट फेकत नाही. बरणीत ठेवतो, गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पुन्हा वापरतो. दुपारी पाहिलं तर गाळाच्याही खाली एक बोट पाणी साचलं होतं. चिंधीत मावेल त्याहून कितीतरी जास्त.

सोमवारी आठला पुन्हा तेच. पुसलं, पिळलं. माझं डोकंच फिरलं. बरणी उचलली आणि तडक स्पिरिट विकणाऱ्या मांग इस्कोच्या दुकानात गेले.

"पाणी मिसळून विकतोस? लाज नाही वाटत?"

"अगं बये, हळू! गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत! त्यांनाही कळू दे. बघ हे बुडाशी काय आहे ते."

इस्कोने बरणी उन्हात धरली, हुंगली, मान हलवली. मग माझ्यासमोर नवा डबा फोडला आणि तळापर्यंत काचेच्या भांड्यात ओतून दाखवला. थेंबभर पाणी नाही. "माझ्या डब्यात पाणी असतं तर ते तळाशी इथेच दिसलं असतं, याना. तुझ्या बापाला विचार."

"बाप मेलाय माझा."

"मग त्याचं तेव्हाच ऐकायचं होतंस."

आगाऊ मेला! घरी आले, बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथे पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, रविवारची आणि सोमवारची. म्हटलं, आठवडाभराचा पुरावा जमवते आणि मग याच्या तोंडावर मारते.

मंगळवारी मूर्ती फिरवून भिंतीकडे पाठ करून ठेवली. पंखा लावला. छप्पर तपासलं. डोक्यामागची फळी काढून आत डोळ्यांच्या खाचांपर्यंत बोट घातलं. आत सुकी धूळ आणि गांधीलमाशीचं जुनं घर, बाकी काही नाही. गाल मात्र ओला. शेवटी न राहवून बोट जिभेला लावलं. खारट होतं, आणि मागून रॉकेलची चव आली. पुसलं, पिळलं, तिसरी रेघ मारली.

बुधवारी मी नुकती चौथी रेघ मारत होते तेवढ्यात आलिंग सेपा आली. केस विंचरलेले नव्हते. रुफोच्या कंपनीचा निरोप आला होता. शनिवारपासून जहाज बिनतारीवर उत्तर देत नव्हतं.

तिने मूर्तीकडे पाहिलं. पुसूनही पापणीखाली ओल चमकत होती.

"रडतेय ती."

"रडत नाहीये, आलिंग सेपा. सुकत नाहीये. मी काय काय करून बघितलं, तुला सांगून खरं वाटणार नाही."

"या रेघा कसल्या?"

"जेवढे दिवस पुसलं तेवढ्या रेघा. इस्कोला दाखवायला ठेवल्यात."

"शुक्रवारी ती निघाली पाहिजे, याना. बाकी मला काही माहीत नाही."

गुरुवारी पुसताना रंगच निघाला. चिंधीवर गुलाबी कातडी आली आणि गालावर पांढरा चट्टा. मी मटकन खाली बसले आणि रडले, अगदी रागाने रडले. मेलं ते स्पिरिट, मेला तो इस्को, आणि मरताना मला एक बाटली ठेवून गेला नाही तो माझा बापही. मग उठले, पाचवी रेघ मारली, चट्टा भरला.

शुक्रवारी सकाळी गाल पुन्हा ओला. बाहेर गाडा फुलांनी सजला होता. मी चिंधी उचलली तोच आलिंग सेपाने माझं मनगट धरलं.

"आता पुसू नकोस. पुन्हा रंग निघाला तर आई बिनचेहऱ्याची निघेल. अशीच जाऊ दे."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. विटले होते मी त्या गालाला. चिंधी ठेवली आणि बरणीचं झाकण घट्ट लावून ती फळीवर सारली.

मिरवणूक साडेतीन तास चालली. पाणी गालावरून गळ्याच्या लेसपर्यंत ओघळत होतं. बायका गुडघे टेकत होत्या. शेजारची पासिंग माझ्या कानाशी लागली, "काय अश्रू रंगवलेस ग! खरेच वाटतात!"

शनिवारी सकाळी आठला गाल कोरडा होता. बोट दाबलं, नख दाबलं, कोरडाठाक. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

दुपारी बातमी आली. जहाज एका खडकावर कलंडलेलं सापडलं होतं. आतून एकाला जिवंत काढलं. तो रुफो नव्हता.

तीन आठवड्यांनी आलिंग सेपा त्या माणसाला घेऊन माझ्याकडे आली. हिलारियो नाव, इलोइलोचा, बुटका, हाताला अजून पट्ट्या. रुफोचं घड्याळ द्यायला आला होता. आईची मूर्ती जिने रंगवली तिला भेटायचं, असं म्हणाला. मला मानांग म्हणत होता, त्यांच्याकडे ताई म्हणतात तसं. मी कॉफी केली. त्याने पेला हातात धरला, पण प्यायला नाही.

"आम्ही दोघं खालच्या सामानाच्या खोलीत अडकलो होतो," तो म्हणाला. "पाणी चढत होतं. पण मानांग, रोज सकाळी उतरायचं. वीतभर. रुफो घड्याळ बघायचा. आठ वाजले की."

"ओहोटी असेल," मी म्हटलं.

"ओहोटी रोज एकाच वेळी येत नाही. एवढं आम्हाला कळतं. फडक्याने टिपून घ्यावं तसं जायचं ते."

आलिंग सेपा मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाच."

माझी नजर फळीवरच्या बरणीकडे गेली.

"शुक्रवारी उतरलं नाही. आठ वाजले, नऊ वाजले. रुफो म्हणत राहिला, उतरेल, आता उतरेल. दुपारी त्याने मला खांद्यावर घेतलं."

बाहेर कुणीतरी लाकूड तासत होतं. ते थांबलं.

"काय झालं, मानांग? चेहरा उतरला तुमचा."

"स्पिरिटचा वास," मी म्हटलं. "चढतो कधी कधी."

आलिंग सेपा उठली. फळीवरून बरणी काढली आणि दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरली. खालून एकेका रेघेवर बोट ठेवत ती मोजू लागली. पाचवीपाशी आली. मग बोट थोडं वर सरकलं, जिथे रेघ नव्हती, आणि तिथेच थांबलं.