मिठाच्या तांड्याचा वाटाड्या

मोबाईल जरा उलटे ठेवा. हा आयुष अजून अंगठा चालवतोच आहे. ठेव बाबा, तुझ्या दोस्तांना घटकाभर तुझ्यावाचून करमेल. लाइन येईपर्यंत एक सांगतो. तुमच्या त्या मोबाईलमधलंच आहे, त्यामुळे म्हातारा जुनंपुराणं उकरतो असं म्हणू नका.

आपल्या ब्रह्मपुरीतला प्रफुल्ल तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या वाटेवर त्याचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मोबाईल दुरुस्ती, सगळं एकाच टेबलावर. मी एसटीत कंडक्टर होतो तेव्हापासून त्याच्या बापाशी माझी ओळख, त्यामुळे पोरगा मला काही लपवत नाही. तर मागच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, तो दुपारी गाडी काढून कुरखेड्याच्या पुढच्या एका गावाला निघाला. काम साधं होतं. फ्रेम केलेला एक फोटो पोचवायचा होता.

फोटो रिनाचा. जंगलातल्या त्या गावची, गोंडाची पोरगी. ब्रह्मपुरीत खोली करून शिकत होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरी गेली आणि साप चावून गेली. पुढे तिची आई ठमाबाई तिचा मोबाईल फडक्यात बांधून प्रफुल्लच्या दुकानात आली. रिना फॉर्म भरायला तिथेच जायची, म्हणून दुकान तिला ठाऊक. मोबाईल रात्रभर पावसात पडून होता. आधार कार्डावरचा फोटो पोरीचा वाटतच नाही, यातून एखादा साजरा फोटो निघेल का, एवढंच तिनं विचारलं.

मोबाईल चालू झाला नाही. होणारही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी प्रफुल्लनं तिला फोन करून सांगितलं, निघाला एक. तो काही त्या मोबाईलमधून निघाला नव्हता. तो प्रफुल्लच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये होता, आणि तिथे कसा आला हे त्यानं त्या माउलीला सांगितलं नाही.

आता तेही ऐका. प्रफुल्लनं व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला होता, पाच-सहा पोरापोरींचा. आपल्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड काय सांगावं, थंडीत रात्र रात्र मंडपात बसणारी माणसं आपण. यांचंही नाटकच, पण मंडप नाही, पेटी नाही, आणि आधी लिहिलेलं पुस्तकही नाही. जुन्या काळी मीठ घेऊन जंगलातून चाललेला एक तांडा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि आपला नंबर आला की त्या पात्रानं काय केलं ते लिहायचं. पुढं काय होणार कोणालाच माहीत नाही. मी आधी टिंगल केली होती. मग एकदा दुकानात बसून वाचायला घेतलं, तर हातातला चहा थंड झाला. प्रफुल्ल तांड्याचा नाईक होता. रिना वाटाड्या. तिनं ग्रुपवर टाकलेला स्वतःचा फोटो, तोच हा. ती जंगल लिहायची तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

या खेळाचा मोठा नियम एकच. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. त्यानं काय केलं ते त्याचा धनीच लिहील. पण लोक वेळेवर लिहीत नाहीत म्हणून प्रफुल्लनं मागून आपला एक नियम घुसवला. रात्री नऊपर्यंत लिहिलं नाही तर पात्र नाईकाच्या ताब्यात.

रिनाच्या गावात फोन कसाबसा लागतो, नेट नाही. गावामागच्या टेकडीवर चढलं तर मिळतं. प्रफुल्लला हे माहीत होतं. दिवसभर चिखलात वाकून थकलेली पोरगी दोन-तीन रात्री वर गेली नाही, तर यानं तिला फोन लावला. चिडूनच बोलला. "आज नऊच्या आत लिही, नाई त तुझा वाटाड्या मी घेतो."

नऊच्या थोडं आधी तिचा मेसेज आला. "चढली टेकडीवर. लिहून राह्यली." मग वर दिसायला लागलं, रिना टाइप करत आहे. बराच वेळ दिसत होतं. मग थांबलं. प्रफुल्लला वाटलं, उगाच नखरे करते आहे. नऊ वाजले तसं यानंच लिहून टाकलं, वाटाड्या तांड्याला सोडून अंधारात निघून गेला. बाकीच्यांनी हसरी तोंडं टाकली.

ती तेव्हा टेकडीवर पडली होती, बाबांनो. सकाळी सापडली.

पोरगी रात्री त्या टेकडीवर कशाला चढली, हे कोडं त्या आईला सुटलेलं नव्हतं. सोडवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो फोटो घेऊन तिच्याच दारी चालला होता.

दिवस मावळायच्या सुमारास तो पोचला. अंगणात माणसं जमली होती. त्यांच्या समाजात गेलेल्याचा जीव विधी करून घरच्या देवांजवळ आणतात, तोवर तो बाहेरच असतो, असं ठमाबाईनं त्याला सांगितलं. विधी दुसऱ्या दिवशी होता. तिनं फोटोची काच पदरानं पुसली. 

"तुमच्या हाताले यश आहे भाऊ," ती म्हणाली. "मेलेल्या मोबाईलातून माही पोरगी काढली तुमी."

प्रफुल्लला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

मग ती सगळ्यांना म्हणाली, "तिच्यासंगं कोनाचं काई राह्यलं असंल त आजच बोलून टाका. उद्या तिले घरात घेतो."

एक चुलती बोलली, मी तिला फार रागावली होती. शेजारची निशा म्हणाली, तिची कानातली माझ्याकडेच राहिली. एकेक जण बोलत होता, डोळे पुसत होता. प्रफुल्लच्या ओठांवर शब्द आले होते. त्यानं ते गिळले. लांब जायचं आहे म्हणाला आणि उठला. जेवून जा म्हटलं तर थांबलाही नाही.

रात्र अंधारी होती. जंगलातून गेलेली सडक. त्याच्या गाडीचा उजेड, बाकी काही नाही. नाल्यावरचा रपटा, तो बिनकठड्याचा बुटका पूल, यायच्या आधी खिशात मोबाईल वाजला.

तिथे नेटवर्क नसतं. त्यानं गाडी हळू केली, मोबाईल काढला. ग्रुप उघडाच होता.

"वाटाड्या रपट्यावर उभा आहे."

नाव रिनाचं.

त्यानं समोर पाहिलं. रपटा रिकामा. कोणीतरी चेष्टा करतंय, त्याला वाटलं. पण ग्रुपवर तो महिनोन्‌महिने कोणाशी बोललाच नव्हता, तो या सडकेवर आहे हे कोणाला ठाऊक? दुसरी ओळ आली.

"नाईकानं गाडी बंद केली."

आपण नाही बंद करणार, तो मनात म्हणाला. आणि त्याच्याच हातानं चावी फिरवली.

उजेड गेला.

"नाईक खाली उतरला."

तो उतरला. पाय त्याचे होते… चालवत दुसरंच कोणी होतं. तेव्हा त्याला कळलं. त्यानं तिच्या पात्राचं जे केलं, तेच चाललं होतं. आता ती त्याला लिहीत होती.

"नाईकाला मागून श्वास ऐकू आला."

आला… अगदी मानेजवळ. थकलेला. टेकडी चढून आलेल्या माणसाचा असतो तसा.

तो वळला नाही. वळताच येईना. ओरडावं तर तोंड उघडेना. खाली नाल्याचं पाणी वाहत होतं, तेही ऐकू येईनासं झालं. फक्त तो श्वास…

आणि मोबाईलवर दिसायला लागलं. रिना टाइप करत आहे.

तो बघत राहिला. आता ही काय लिहील? नाईक नाल्यात पडला? नाईकाला साप चावला? एका ओळीचं काम होतं. त्यानं नाही का एका ओळीत तिला घालवली…

टाइप करत आहे…

टाइप करत आहे…

थांबलं.

ओळ आली नाही. श्वासही नव्हता. हात मोकळा झाला. एवढ्या रागाचं कारण असून तिनं त्याचं पुढचं लिहिलं नाही, त्याच्यावर सोडलं. प्रफुल्ल तिथे रपट्याच्या तोंडाशी बसून लहान पोरासारखा रडला. मग त्यानं एक ओळ लिहिली. "नाईक परत फिरला." नेटवर्क नव्हतं, तरी पाठव दाबलं. आणि गाडी वळवली.

ठमाबाई अंगणात शेकोटीजवळ जागीच होती. यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ग्रुप, वाटाड्या, फोन, नऊचा नियम. फोटो कुठला तेही. काही राखलं नाही.

"म्हंजे तुमच्या बोलन्यानं चढली ते," ती म्हणाली.

"हो बाई."

तिनं शेकोटीतलं एक लाकूड हातात घेतलं. त्याला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. पण तिनं भलतंच विचारलं.

"काय लिहून राह्यली होती ते?"

"माईत नाई बाई. आलंच नाई."

"काईच नाई?"

"नाई."

"मंग तिले घरात कसं बलावू मी?" ती हळूच म्हणाली. "तिचं अर्धं बोलनं त बाहेरच राह्यलं."

  तिनं त्याला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. अंगणात एक चटई टाकून दिली आणि आत निघून गेली. तो रात्रभर त्या चटईवर बसून होता.

सकाळी कुरखेड्याला नेटवर्क आलं. ग्रुपवर वाटाड्याची रात्रीची एकही ओळ नव्हती. त्याची तेवढी होती, नाईक परत फिरला. तसाच माझ्या घरी आला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. आता ग्रुपात सगळ्यांना पोचल्याशिवाय मेसेजवर दुसरी खूण उमटत नाही, आणि सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या खुणा निळ्या होत नाहीत, हे तुम्हीच पोरांनी मला शिकवलं. रिनाचं नाव ग्रुपमधून काढायची कोणाची छाती झाली नव्हती. तिचा मोबाईल ठमाबाईच्या घरात फडक्यात बांधलेला, बंद. म्हणून रोवणीनंतर त्या ग्रुपवर ज्यानं ज्यानं काही टाकलं, ते एका खुणेवरच अडकलेलं होतं.

मी चष्मा लावून पाहिलं, बाबांनो. त्या ओळीखाली दोन खुणा होत्या, आणि दोन्ही निळ्या.